एकवीस घरांची पेटी

माघात लवकर निघणारा हळवा कांदा बाजारात आला की माझं डोकं तापायला लागतं. लोकांच्या डोळ्यांत कांदा चिरल्यावर पाणी येतं. मला त्याचा नुसता ओला, मातकट वास आला तरी कपाळावरची शीर उडते. लोणंद सोडून सांगलीत आले, इथंच संसार झाला, इथूनच टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, तरी हे काही गेलं नाही. यंदाही तेच. कांद्याची पिशवी हातात होती आणि तशीच मी मुलाबरोबर आणि नातीबरोबर कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले.

नात मुक्ता, यंदा दहावीला. तिला गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा आहे, पण तयार नको. सुटे भाग आणून स्वतः जोडायचा आहे. दिवाळीपासून तिनं त्याचाच ध्यास घेतलेला. कुठल्या बोर्डावर कुठला प्रोसेसर बसतो, कुठलं कार्ड किती वीज खातं, पंख्यानं वारा आत ओढायचा की बाहेर फेकायचा, सगळं तिच्या जिभेवर. दुकानात तिनं पहिला प्रश्न विचारला. काउंटरमागच्या माणसानं तो नीट ऐकला आणि उत्तर माझ्या मुलाला दिलं.

"सर, तयारच घ्या. वॉरंटी मिळते, डोक्याला ताप नाही. पोरींनी कुठं हे जोडत बसायचं?"

मुक्तानं दुसरा प्रश्न विचारला. दुसरं उत्तरही माझ्या मुलालाच. तो नुसता हसून मान हलवत होता.

मी पिशवी काउंटरवर ठेवली. "प्रश्न तिनं विचारलाय. तिच्याकडं बघून बोला."

"आज्जी, तसं नाही हो..."

"मग कसं?"

माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून पाहिलं. बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, एवढं चिडण्यासारखं काय झालं?"

काय झालं होतं ते मी त्याला कधी धड सांगितलेलंच नाही.

झालं होतं ते लोणंदला, मी दहावीत असताना, सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडं. तेव्हाही असाच कांद्याचा हंगाम होता. बाजारतळावर बैलगाड्यांची रांग स्टेशनपर्यंत जायची. पोती फुटून कांदे रस्त्याला लागायचे, चाकांखाली चिरडायचे, आणि तो वास घरात, कपड्यांत, पुस्तकांत शिरायचा. बाजाराच्या तोंडाशी आबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आबा म्हणजे माझे वडील. सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते, हवालदार म्हणून पेन्शनीत आले. दुकानात उभे राहायचे तेही छाती काढून. मी एकुलती एक. शाळा सुटली की मी दुकानात. तिथं शेगडीवर तापलेली सोल्डरची कांब, राळेचा धूर, उघड्या पडलेल्या रेडिओंची पोटं. राळेचा तो वास मला कुठल्याही अत्तराहून गोड वाटायचा. कांबीचं टोक तारेला लागलं की कथील क्षणभर पाऱ्यासारखं चमकतं आणि मग हळूच निवून राखाडी होतं. ते निवताना बघत राहायचं मला वेड होतं. पहिला डाग मला आबांनीच द्यायला शिकवला. हे सांगायलाच हवं. माझा राग ज्या माणसावर आहे, त्याच माणसानं माझ्या हातात कांब दिली.

पुण्याच्या जुन्या बाजारातून आबा भंगार आणायचे. एकदा त्यात टेलिफोन एक्स्चेंजमधला एक स्विच आला. अर्धगोल पितळी दातांची कंगव्यासारखी रांग आणि त्यावरून टक टक करत एकेक दात पुढं सरकणारा एक काटा. आबांना त्याचं पितळ मोडीत घालायचं होतं. मी तो मागून घेतला. दोन दिवस नुसती बोटानं काटा सरकवत बसले, आणि मग एका दुपारी, भूमितीच्या तासाला, मला तो खेळ सुचला.

खेळ साधा. एका पेटीवर एकवीस छोटे दिवे, ओळीनं, म्हणजे एकवीस घरं. पेटलेला दिवा एकच, आणि तो घराघरानं पुढं जातो. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन घरं पुढं जायचं, त्याहून जास्त नाही. मग पेटी खेळते. शेवटच्या, एकविसाव्या घरात ज्याला जावं लागेल तो हरला. माणूस एक घर गेला तर पेटी तीन जायची, दोन गेला तर दोन, तीन गेला तर एक. म्हणजे पेटी दर वेळी चौथ्या घरावर जाऊन थांबायची. चार, आठ, बारा, सोळा, वीस. विसावर पेटी उभी राहिली की माणसापुढं शेवटचं एकच घर उरायचं. त्यासाठी मी प्रत्येक चौथ्या दाताला एक वेगळी तार जोडली. काटा तिथं पोचला की वीज तुटायची आणि पेटी थांबायची. कुणी लबाडी करून सलग चार घरं सरकलाच, तर त्याच तारेवरून सायकलची घंटा वाजायची.

स्विच ट्रकच्या बॅटरीवर चालेना, म्हणून त्याचं वेटोळं उकलून जाड तारेनं पुन्हा गुंडाळलं. हे सगळं मी स्वयंपाकघरात बसून केलं, कारण आबांच्या दुकानात गिऱ्हाईकं असायची. आई चुलीपुढं भाकरी थापता थापता बघायची. पेटी पहिल्यांदा चालली तेव्हा पहिला डाव आईनं खेळला. हरली. पुन्हा हरली. मग पिठाचा हात पदराला पुसून म्हणाली, "आता त्येला आदी खेळू दे की."

आधी खेळणारा हरतो, म्हणून पेटीला आधी खेळायची वायरच नव्हती. मी उगाच एक दिवा घट्ट करत बसले.

"मंजी लबाड हाय तुझी पेटी," आई म्हणाली आणि तव्याकडं वळली.

आबांनी पेटी बघितली, दोनदा उघडून बघितली. म्हणाले, "शके, ह्ये डोस्क्यात कुटनं आलं रं तुज्या?" खूश झाले की ते मला मुलासारखं 'रं' म्हणायचे. त्याच सुमाराला आत्यानं माझ्यासाठी दहिवडीकडचं स्थळ आणलं होतं. मुलगा मुंबईला कामाला, घरी मेंढरं, माणसं चांगली. आईनं विषय टाळला होता, आबांनी टाळला नव्हता. पण त्या दिवशी ते म्हणाले, "सांगलीच्या प्रदर्शनात पैला नंबर आन. मग तुला डिप्लोमाला घालतो. आत्याला मी सांगतो काय सांगायचं ते."

सैनिकाचा शब्द. मी त्यावर रात्रंदिवस उडत होते.

सांगलीला विज्ञान प्रदर्शन होतं, तीन-चार जिल्ह्यांतल्या शाळांचं. बॅटरी जड, म्हणून आबा बरोबर आले. पॅसेंजरमध्ये त्यांनी बॅटरी पायांत घेतली आणि पेटी मी मांडीवर. लोणंद ते सांगली मी पेटी खाली ठेवली नाही. आडबाजूच्या एका पेंगत्या स्टेशनावर गाडी बराच वेळ उभी राहिली, तेव्हा आबांनी डब्यातल्या लोकांना एकेक डाव खेळायला लावला. सगळा डबा हरला. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, ह्येचं लगीन लावून दे कुनाशी तरी, लय हुशार हाय." डबाभर हशा. तेव्हा मीही हसले होते.

सांगलीत माझ्या शेजारच्या टेबलावर सागवानी कपाट होतं. दारं उघडली की आत टेलिव्हिजन. सांगलीत तेव्हा टेलिव्हिजनवर धड काही दिसायचंही नाही. पण त्याला एक खेळ जोडला होता. पडद्यावर पांढरा ठिपका इकडून तिकडं उड्या मारायचा, आणि दोन बटणं फिरवून त्याला टोलवायचं. मी खेळले. खोटं कशाला बोलू, भारी होतं ते. माझ्या पेटीहून शंभरपट भारी. टेबलामागचा मुलगाही चांगला होता, त्यानं मला तीनदा खेळू दिलं. कुणी केलं म्हणून विचारलं तर सरळ म्हणाला, "मामानं दुबईहून आणलाय. कपाट आमच्या सुतारानं केलंय." आणि वर सुबक अक्षरात पाटी: स्वनिर्मित खेळ.

परीक्षक तिघे होते. पुढचा सफारीतला, तोच बोलायचा, बाकीचे दोघे मान हलवायचे. सागवानी कपाटापुढं ते बराच वेळ रमले. "फिनिशिंग बघा," सफारीवाला म्हणाला. मग माझ्याकडं आले. मी खेळ समजावून सांगितला. तो खेळला आणि हरला. पुन्हा खेळला. तिसऱ्या वेळी त्यानं सलग चारदा बटण दाबलं. घंटा वाजली. भोवतीची मुलं हसली.

त्याचे कान लाल झाले. "कुणी करून दिलं तुला हे?"

"मी केलंय, सर."

"खरं सांग."

"खरंच मी केलंय. उघडून दाखवू?" माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर होताच.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या डोक्यावरून मागं बघितलं. मागं भिंतीशी आबा उभे होते. "तुम्ही वडील का? कुठं असता?"

आबांच्या टाचा जुळल्या. मी तो आवाज ऐकला. "सिग्नल्सला हुतो, सायेब. हवालदार."

"तरीच!" सफारीवाला हसला. "हे तुमचंच काम आहे, हवालदार. फार सफाईचं काम आहे. आमच्या कॉलेजातल्या पोरांना असं जमत नाही."

मी वळून आबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वय उतरलं होतं त्यावरचं. माझ्याकडं बघायचं टाळून ते समोर, सरळ रेषेत, साहेबांच्या खांद्यापलीकडं कुठंतरी बघत म्हणाले,

"व्हय, सायेब."

स्पर्धा विद्यार्थ्यांची होती. वडिलांनी केलेली वस्तू त्यात कशी बसणार? पहिला नंबर सागवानी कपाटाला गेला.

परतीच्या गाडीत आबा म्हणाले, "चा घेतीस का?" मी तोंड खिडकीकडं वळवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "सायेब तापलं हुतं. तोंडाला तोंड दिऊन काय उपेग हुता?" कराडच्या पुढं ते झोपले, बॅटरीवर हात ठेवून. पेटी माझ्या मांडीवर होती. मी खिडकीबाहेर उसाची जळती पाचट बघत बसले. त्या सफारीवाल्यावर मी तेव्हाही फारशी चिडले नव्हते. तो परका होता, त्याला मी कोण ते ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं, ज्यानं माझ्या बोटांवरचे चटके बघितले होते, तो माणूस शेजारी घोरत होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते. पण आबांनी पेटी दुकानात मांडली. कांद्याच्या बाजाराला आलेले लोक डाव खेळायला थांबायचे. गर्दी व्हायची. कुणी म्हणायचं, "हवालदार, ह्यो तर कॉम्प्युटरच की!" आणि आबा मिशीवरून हात फिरवायचे. पहिल्यांदा गप्प राहायचे. मग म्हणायला लागले, "सांगलीच्या सायेबांनी बी तेच सांगितलं." आणि मग एक दिवस, मी पाण्याची कळशी घेऊन जात असताना, माझ्या कानांनी ऐकलं. "पलटनीत शिकलो ते आता कामी आलं बगा."

मी कळशी उंबऱ्यावर ठेवली आणि दुकानात गेले. चार-पाच शेतकरी होते, दोन हमाल होते. मी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि पेटी उघडली. दिवे काढले. काटा काढला. चौथ्या घरांच्या तारा एकेक तोडल्या. सगळं काउंटरवर मांडलं. एवढंच ऐकू येत होतं की बाहेर कुणीतरी कांद्याचा भाव पुकारतोय.

"आता जोडा," मी म्हणाले.

"शके, ह्ये काय चाललंय?"

"आबा, तुमी केलीय न्हवं पेटी? मग जोडा की."

त्यांनी काटा हातात घेतला. बसवला. एक तार उचलली, या दाताला लावून बघितली, त्या दाताला लावून बघितली. कपाळावर घाम आला. हुशार माणूस होता तो. दोन दिवस दिले असते तर त्यांनी नक्कीच जोडली असती. पण तेव्हा, त्या लोकांपुढं, त्यांना जमेना. शेवटी त्यांनी तार खाली ठेवली आणि शेतकऱ्यांकडं बघून हसले.

"बॅटरी उतरलीय," म्हणाले.

मी घरी आले. आई म्हणाली, "कळशी कुटं हाय?"

मला तयार वस्तूंचं वावडं नाही. पापड मी विकतचे आणते, मसालाही आणते, आणि सागवानी कपाटातला तो ठिपका मला आजही आवडेल. सगळं स्वतःच करायचं, असला हट्ट रिकामटेकड्यांनी करावा. पण स्वतः जोडलेल्या वस्तूत एक गोष्ट असते. ती बंद पडली की कुठं हात घालायचा ते तुम्हाला माहीत असतं, आणि ते दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. हे एवढं एक तुमचं स्वतःचं असतं. आणि नेमकं तेवढंच लोक उचलून नेतात! कपाट नेत नाहीत. माझी पेटी कुणी चोरली नाही, ती दुकानातच होती. पेटी मी केली, एवढंच नेलं.

त्या जूनमध्ये आबा एका सकाळी टोपी घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल. सांगलीला." डिप्लोमाला माझं नाव घातलं. आत्याला काय सांगितलं मला माहीत नाही. आत्या नंतर दोन वर्षं आमच्याकडं आली नाही. मी शिकले, टेलिफोन खात्यात लागले, आणि ज्या स्विचपासून माझी सुरुवात झाली तसल्या शेकडो स्विचांच्या टकटकाटात पोट भरलं. लोक म्हणतील, झालं की मग चांगलं. बापानं भरपाई केली. केली असेल. पण पेटी पोरीनं केली, हा शब्द तोंडानं काढला नाही. मी लग्नानंतर एकदा सरळ विचारलं, "आबा, त्या दिवशी तुमी व्हय का म्हनलात?" ते अंगणात शेंगा फोडत होते. मूठभर दाणे त्यांनी माझ्यापुढं सारले. मग म्हणाले, "आगं, सारी नोकरी गेली, पर एका बी सायेबानं माजं काम चांगलं हाय म्हनून सांगितलं न्हवतं. त्या येळंला मला लय बरं वाटलं गं."

हे ऐकून माझा राग जायला हवा होता. उलट आणखी चढला. बरं वाटलं! ते बरं वाटणं माझं होतं. मी ते स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून, बोटं भाजून मिळवलं होतं, आणि ते त्यांनी एका शब्दात घेतलं.

मुक्तानं तिचा कॉम्प्युटर जोडला. दुसऱ्या दुकानातून भाग आणले आणि जेवणाच्या टेबलावर जोडला. पहिल्यांदा चालू झाला नाही. मुलगा म्हणाला, "कुणाला तरी बोलावू या का?" मी त्याला म्हणाले, "तू बस. पेपर वाच." मुक्ता ओठ चावत एकेक वायर तपासत होती. तिच्या मानेवर घाम होता. मी काही सुचवलं नाही. सुचवण्यासारखं मला काही येतही नव्हतं. तिचा बोर्ड माझ्या डोक्याबाहेरचा. एक वायर पुरती आत बसली नव्हती. ती तिनं अंगठ्यानं दाबली आणि पंखे फिरायला लागले. मुलगा म्हणाला, "वा, जमलं की आपल्याला!" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो म्हणाला, "म्हणजे, तिला."

आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. दहावा नीरेच्या काठावर झाला. पिंड चुलतभावानं ठेवला. कावळा लगेच शिवला, काही खोळंबा झाला नाही. तरी भाषणं झालीच. आमच्याकडं दहाव्याला भाषणं केल्याशिवाय माणूस पुरता जात नाही. पेन्शनर संघाचे एक बोलले. बाजारातले एक बोलले. मग गावचे एक पुढारी उभे राहिले. त्यांनी आबांना कधी पाहिलं असेल की नाही, शंकाच आहे. म्हणाले, "ज्या काळात पुण्या-मुंबईच्या लोकांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्या काळात आपल्या हवालदारसाहेबांनी, आपल्या लोणंदमध्ये, स्वतःच्या हातांनी..."

मी उठले. बायका मागं, चिंचेखाली बसल्या होत्या. मी तिथूनच म्हणाले, "ते मी केलं होतं."

पुढाऱ्यांनी कानाला हात लावला. "काय म्हणताय, ताई?"

"ती पेटी मी केली होती. आबांनी नाही. मी दहावीत होते."

नदीकाठी दोनशे माणसं असतील. सगळ्या माना वळल्या. चुलतभाऊ ओला तसाच उभा. कुणीतरी पुटपुटलं, "दुःखात हाय पोरगी." आत्यानं, आता पार वाकलेल्या आत्यानं, माझा पदर ओढला, "बस खाली, बये, आज तरी..." पुढाऱ्यांनी समजूतदार चेहरा केला आणि म्हणाले, "बरोबर आहे, ताई. वडिलांचं यश ते मुलांचंच यश."

माझ्या तोंडून पुढं काय गेलं असतं कुणास ठाऊक. पण तेवढ्यात शेजारून आवाज आला. आईचा. त्या दहा दिवसांत ती कुणाशी बोलली नव्हती. कुंकू पुसलेलं कपाळ वर करून, बसल्या जागेवरून, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"तिनंच केलीय. माज्या चुलीम्होरं बसून केलीय. मी बगितलीय."

पुढाऱ्यांनी हात जोडले आणि बसले. लोक हळूहळू उठून पाय धुवायला पाण्याकडं निघाले.

मी आईजवळ खाली बसले. इतकी वर्षं. प्रदर्शन, दुकान, ती गर्दी, आत्याचं स्थळ, माझं लग्न, सगळं होऊन गेलं, आणि ही बाई एक शब्द बोलली नव्हती. आयुष्यात तिच्यावर कधी चिडले नव्हते ती त्या क्षणी चिडले. दात आवळून म्हणाले, "आई, मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"मला कुनी इचारलं?" ती म्हणाली.